फाळकेंनी महिनाभर एका कुंडीसमोर कॅमेरा लावून ठेवला, आणि त्यावर भारतीय सिनेमासाठी कर्ज मिळालं

आचऱ्याच्या किनाऱ्यावर सूर्य बुडाला की पुढची वीस-पंचवीस मिनिटं फोटोसाठी सगळ्यात भारी असतात. आकाश जांभळं होतं, वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या काळ्याभोर दिसायला लागतात आणि जो तो खिशातून मोबाईल काढतो. स्क्रीनवर सूचना येते की फोन स्थिर धरा. दोन-तीन सेकंद श्वास रोखून धरला तरी घरी जाऊन बघावं तर एका होडीच्या दोन कडा दिसतात. रामेश्वर मंदिरात उत्सवाच्या रात्री काढलेल्या फोटोंची गतही तीच. दिव्यांच्या नुसत्या रेघोट्या.

कारण साधं आहे. उजेड कमी असला की कॅमेऱ्याला चित्र टिपायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढा वेळ माणसाचा हात स्थिर राहत नाही. म्हणून कॅमेऱ्याला टेकू हवा. ट्रायपॉड म्हणा, भिंत म्हणा, नाहीतर होडीचा काठ.

ही अडचण मोबाईलपेक्षा खूप जुनी आहे. आपल्याकडे तिच्याशी आयुष्यभर झुंजलेला एक माणूस आहे, ज्याच्या नावाचा पुरस्कार सगळ्यांना माहीत असतो, पण ज्याच्या ट्रायपॉडबद्दल फारसं कोणी बोलत नाही. धुंडिराज गोविंद फाळके. म्हणजेच दादासाहेब.

फाळकेंचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. त्यांना मुंबईत विल्सन कॉलेजात नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईला आलं. मुलाचा ओढा चित्रकलेकडे होता. म्हणून १८८५ साली तो जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाला आणि तिथून थोरल्या भावासोबत बडोद्याला गेला.

बडोद्याच्या कलाभवनात फाळकेंना खरा खजिना सापडला. तिथले प्राचार्य होते प्राध्यापक गज्जर. या मुलाला एका विषयात गोडी नाही, सगळ्याच विषयांत आहे, हे त्यांनी ओळखलं आणि संस्थेचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्याला वापरायला दिली. १८९० च्या सुमारास फाळकेंनी स्वतःचा कॅमेराही घेतला. पुढे ते रतलामला जाऊन तीन रंगांचे ठसे, म्हणजे छपाईचे ब्लॉक, बनवायला शिकले.

हे तीन रंगांचं प्रकरण जरा समजून घेण्यासारखं आहे. तेव्हा रंगीत चित्र छापायचं तर त्याच चित्राचे तीन वेगवेगळे फोटो काढावे लागत. एकदा लाल काचेतून, एकदा हिरव्या आणि एकदा निळ्या. मग त्या तीन निगेटिव्हवरून तीन ठसे बनत आणि तीन शाई एकावर एक छापल्या की रंगीत चित्र तयार. पण या तीन फोटोंच्या मध्ये कॅमेरा जरासा जरी सरकला तरी काम बिघडलं. देवीच्या ओठांचा लाल रंग हनुवटीवर उतरायचा.

म्हणून छापखान्यातले कॅमेरे साध्या तिवईवर ठेवत नसत. कॅमेरा आणि समोरचं चित्र दोन्ही एकाच लांब लाकडी सांगाड्यावर बसवत, आणि कित्येकदा तो अख्खा सांगाडा स्प्रिंगवर ठेवत किंवा टांगत. शेजारी यंत्रं धडधडत असली तर कॅमेरा आणि चित्र दोन्ही मिळून हलायचे, आणि दोघांमधलं अंतर तेवढंच राहिलं की फोटो स्वच्छ यायचा. भन्नाट डोकं आहे की नाही? फोटोग्राफीत हालचाल वाईट नसते, एकमेकांच्या मानाने झालेली हालचाल वाईट असते, हे फाळके सिनेमाचं नावही ऐकण्याआधी कामातून शिकले होते.

शिक्षण संपल्यावर त्यांनी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढला. हा धंदा तेव्हा सोपा नव्हता. कॅमेरा माणसाची शक्ती शोषून घेतो आणि फोटो काढून घेणारा लवकर मरतो, असा समज लोकांत होता. आज हसू येतं, पण तेव्हाच्या गिऱ्हाइकाच्या जागी बसून बघा. तीन पायांवर उभी लाकडी पेटी, तिच्यामागे काळ्या कापडात डोकं खुपसलेला माणूस, आणि अजिबात हलू नका असा हुकूम. खोलीतल्या उजेडात काचेच्या प्लेटवर फोटो उमटायला कधीकधी काही सेकंद लागत, आणि तोवर गिऱ्हाइकाची मान हलू नये म्हणून बरेच फोटोग्राफर मागून लोखंडी आधार लावत. थोडक्यात, कॅमेऱ्याबरोबर माणसालाही टेकू.

त्याच काळात प्लेगने फाळकेंची पहिली पत्नी आणि मूल दोघांनाही नेलं. ते बडोद्याला परतले. कार्ल हर्ट्झ या जादूगाराच्या सहवासात त्यांना जादूचा नाद लागला आणि पुढे ते प्रोफेसर केल्फा या नावाने प्रयोग करू लागले. केल्फा, म्हणजे फाळके उलटं वाचा. १९०२ साली त्यांचं दुसरं लग्न झालं. गिरिजा करंदीकर सासरी येऊन सरस्वती झाल्या. या बाईंचं नाव लक्षात ठेवा, पुढे उजेडाचा प्रश्न त्यांनीच सोडवला आहे.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून नोकरी मिळाली. ती तीनेक वर्षांत सोडून फाळकेंनी छपाईत उडी घेतली. आधी लोणावळा, मग मुंबई. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचं काम त्यांनी केलं आणि १९०९ साली रंगीत छपाईची यंत्रं आणायला थेट जर्मनी गाठली. पण भागीदारांशी बिनसलं आणि फाळके धंद्यातून बाहेर पडले. वय चाळीस, हाताला काम नाही.

१९११ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या दिवसांत, गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त येऊ शकतो तर राम-कृष्ण का नाही, हा विचार त्यांच्या डोक्यात घुसला तो कायमचा. इथपर्यंतची गोष्ट 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' पाहिलेल्यांना ठाऊक असेलच.

पुढचे महिने मात्र चैनीचे नव्हते. फाळकेंनी खेळण्यातला एक छोटा कॅमेरा आणि काही रिळं मिळवली. मेणबत्ती आणि भिंग लावून घरातल्या भिंतीवर चित्रं पाडून बघायचे. रोज संध्याकाळी थिएटरात चार-पाच तास सिनेमे बघायचे, उरलेल्या वेळात प्रयोग आणि कशीबशी तीन तास झोप. याचा परिणाम सरळ डोळ्यांवर झाला. आधी अंधुक दिसू लागलं, मग दोन्ही डोळ्यांनी दिसेनासंच झालं. ज्याला चित्र बनवायचं तोच आंधळा! डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली, पण आयुष्यभरासाठी एक धडा मिळाला. डोळे आणि हात थकतात. ज्या कामात चूक परवडत नाही ते काम यंत्रावर आणि टेकूवर सोपवावं.

विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून यशवंत नाडकर्णी या मित्राकडून त्यांनी दहा हजार रुपये उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी लंडनची बोट धरली. तिथे 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकांची ओळख काढली, त्यांच्यामार्फत सेसिल हेपवर्थ यांचा वॉल्टनचा स्टुडिओ पाहिला. पन्नास पौंडांना विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेतला. कच्च्या फिल्मला कडेची भोकं पाडणारं यंत्रही घेतलं. १ एप्रिलला ते परत मुंबईत.

आता तुम्ही म्हणाल, कॅमेरा आला, झालं की. तर तसं नाही. हा कॅमेरा बटन दाबून चालणारा नव्हता. बाजूला हँडल, ते हाताने गरागरा फिरवायचं. तेव्हाच्या कॅमेऱ्यांत सर्वसाधारणपणे हँडलच्या एका फेऱ्यात ८ फ्रेम पुढे सरकत आणि सेकंदाला दोन फेरे, म्हणजे १६ फ्रेम हा वेग असे. एका हाताने सतत हँडल फिरवत असताना तीच पेटी हलू द्यायची नाही, हे ट्रायपॉडशिवाय केवळ अशक्य. म्हणून सिनेमाचे ट्रायपॉड जाडजूड लाकडाचे आणि वजनदार असत. आज हलका ट्रायपॉड चांगला म्हणून विकला जातो. तेव्हा जड असणं हाच त्याचा गुण होता, आणि खरं तर आजही आहे.

पैसे मात्र संपले होते. सिनेमा काढायचा तर भांडवल हवं आणि भांडवल हवं तर सिनेमा म्हणजे काय हे दाखवायला हवं. मग फाळकेंनी एक कुंडी घेतली. तिच्यात वाटाणे पेरले आणि समोर कॅमेरा लावला. बी फुटलं, कोंब वर आला, वेल चढू लागला. महिन्याहून अधिक काळ हे चित्रण चाललं आणि त्यातून जेमतेम मिनिटभराची फिल्म तयार झाली. नाव 'अंकुराची वाढ'.

रोज एक फ्रेम घेतली असं या फिल्मबद्दल सर्रास सांगितलं जातं. गोष्ट छान आहे, पण हिशोब जुळत नाही. रोज एकच फ्रेम घेतली तर महिन्याच्या होतात तीसेक, आणि त्या पडद्यावरून दोन सेकंदांत संपतात. मिनिटभराच्या फिल्मला लागतात ९६० फ्रेम. म्हणजे दिवसाला सरासरी बत्तीस. दिवसातून अनेक वेळा जाऊन थोडं थोडं हँडल फिरवल्याशिवाय हे होणार नाही. फाळकेंनी घेतलेले कष्ट दंतकथेत सांगतात त्याहून बरेच जास्त होते.

आणि या सगळ्या काळात कॅमेरा आणि कुंडी दोघांनीही जागा सोडायची नाही. ट्रायपॉडच्या पायाला कुणाचा धक्का लागला तर पडद्यावर रोप उडी मारणार. घरात लहान मुलं. विचार करा.

आज हाच प्रकार टाइमलॅप्स म्हणून फोनमध्ये फुकट मिळतो, पण टेकूचे नियम तेच आहेत. आचऱ्याच्या वाळूत ट्रायपॉड रोवायचा तर पाय पूर्ण फाकवून वाळूत दाबून बसवावे लागतात. ओल्या वाळूत, लाटेच्या अगदी जवळ, तो प्रत्येक लाटेगणिक हळूहळू खचतो, म्हणून दोन पावलं मागे कोरड्या बाजूला आलेलं बरं. मधली दांडी वर खेचून उंची वाढवण्यापेक्षा पाय लांब करावेत, कारण दांडी वर गेली की वाऱ्याने डुलते. दांडीखाली पिशवी अडकवली तर वजन वाढतं, फक्त ती लोंबकळून झुलता कामा नये, जमिनीला टेकलेली असावी. बटन दाबतानाही फोन हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावायचा. ट्रायपॉड नसेल तर होडीच्या काठावर वाळू भरलेली छोटी पिशवी ठेवून तिच्यात फोन रुतवला तरी काम भागतं.

तर 'अंकुराची वाढ' फाळकेंनी निवडक मंडळींना दाखवली. मिनिटभरात बीचा वेल झालेला पाहून नाडकर्णी आणि इतर मंडळी पैसे द्यायला तयार झाली. म्हणजे कर्ज मिळालं ते एका न हललेल्या कॅमेऱ्याच्या जोरावर. सरस्वतीबाईंनीही आपले दागिने दिले.

'राजा हरिश्चंद्र'चं काम दादरला सुरू झालं तेव्हा प्रश्न उलटा झाला. रोपाला वेळ देता येतो. माणसं चालतात, हात हलवतात, रडतात. सेकंदाला १६ फ्रेम घ्यायच्या तर एका फ्रेमला उजेड मिळतो सेकंदाचा जेमतेम तिसावा भाग. ट्रायपॉड कितीही भक्कम असला तरी हा वेळ वाढवता येत नाही. ट्रायपॉड फक्त कॅमेऱ्याची थरथर थांबवतो, समोरच्याची हालचाल थांबवत नाही. हा फरक आजही कित्येकांच्या लक्षात येत नाही आणि रात्रीच्या लग्नातले नाचणारे पाहुणे महागड्या ट्रायपॉडवरूनही भुतासारखे येतात.

वेळ वाढवता येत नसेल तर उजेड वाढवायचा. त्या काळची फिल्म आजच्या फोनच्या मानाने फारच मंद, त्यात तिला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. म्हणून चित्रीकरण उन्हात. पण ऊन वरून पडतं आणि चेहऱ्यावर सावल्या येतात. तेव्हा सरस्वतीबाई पांढरी चादर धरून तासन् तास उन्हात उभ्या राहत, म्हणजे ऊन चादरीवर आपटून नटांच्या चेहऱ्यावर पडेल. आजच्या भाषेत रिफ्लेक्टर. याच बाई साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करत आणि रात्री अंधारात बसून फिल्मला भोकं पाडत. श्रेयनामावलीत त्यांचं नाव शोधू नका.

कॅमेऱ्यामागे होते त्र्यंबकेश्वरचेच त्र्यंबक तेलंग. त्यांना कॅमेरा चालवायला फाळकेंनी शिकवलं. दत्तात्रय दाबके हरिश्चंद्र झाले, अण्णा साळुंके तारामती आणि फाळकेंचा मुलगा भालचंद्र रोहिदास. बाहेरचं चित्रण वांगणीला झालं. सहा महिने सत्तावीस दिवसांत ३,७०० फुटांचा सिनेमा तयार झाला. एका फुटात १६ फ्रेम बसतात, म्हणजे एक फूट बरोबर एक सेकंद. सगळा मिळून तासाभराचा खेळ, आणि त्यासाठी हँडलचे किमान सात हजार चारशे फेरे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमात तो लोकांसमोर आला.

प्रेक्षक थक्क झाले ते चमत्कारांवर. देव एकदम प्रकट होतो, एकदम नाहीसा होतो. यामागची युक्ती जादूगाराची आहे आणि ती पूर्णपणे ट्रायपॉडवर उभी आहे. हँडल थांबवायचं. बाकीच्या नटांनी जिथल्या तिथे पुतळ्यासारखं उभं राहायचं. देवाच्या भूमिकेतला नट येऊन जागेवर उभा राहिला की पुन्हा हँडल सुरू. मधल्या वेळात कॅमेरा केसभरही सरकला नाही तरच देव प्रकटतो. सरकला तर मागची भिंत झटका खाते आणि लबाडी उघडी पडते.

याच्या पुढची पायरी म्हणजे तीच फिल्म मागे गुंडाळून तिच्यावर दुसऱ्यांदा चित्रण करायचं. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये साळुंके रामही होते आणि सीताही. १९१८ च्या 'श्रीकृष्णजन्म'मध्ये कंसाचं मुंडकं धडापासून सुटून हवेत तरंगतं आणि परत येतं. अशा दृश्यात दोन वेळचं चित्रण एकमेकांवर तंतोतंत बसावं लागतं. तीन रंगांचे तीन ठसे जुळवणाऱ्या माणसाला हे नवं नव्हतं. रतलामला शिकलेली विद्या पंचवीसेक वर्षांनी कंसाच्या मानेवर कामी आली.

१९१८ मध्ये भागीदारांसोबत नाशिकला हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी निघाली. १९१९ च्या 'कालियामर्दन'मध्ये फाळकेंची मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. याच सुमारास त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' हा छोटा माहितीपटही काढला. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. जादूगार सहसा आपली पेटी उघडून दाखवत नाही. यांनी दाखवली.

भागीदारांशी पुन्हा खटके उडाले, फाळके रुसून काशीला गेले, तिथे 'रंगभूमी' नाटक लिहिलं, परत आले. पण तोवर सिनेमा पुढे सरकला होता. १९३१ मध्ये 'आलम आरा' बोलू लागला. फाळकेंचा 'सेतुबंधन' १९३२ मध्ये मूकपट म्हणून तयार झाला आणि त्याला नंतर आवाज जोडावा लागला. दोनच वर्षांनी शांतारामबापूंनी 'अमृतमंथन'मध्ये लांबचं भिंग लावून नटाचा एक डोळा पडद्याएवढा केला. प्रेक्षकांची नजर बदलली होती. नाटकाच्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसल्यासारखा एका जागी उभा कॅमेरा आता जुना वाटू लागला. ज्या स्थिरपणाने फाळकेंना सगळं दिलं, तोच आता मागासलेपणा ठरला. हे जरा अन्यायाचं आहे, पण झालं खरं.

१९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा सिनेमा. वय सदुसष्ट. पुढची वर्षं नाशिकला हलाखीत गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी तिथेच ते वारले.

त्यांच्या सिनेमांतली थोडीच रिळं उरली आहेत, आणि त्यातले तुकडे यूट्यूबवरही मिळतात. कंसाचं मुंडकं उडतानाचा तुकडा सापडला तर मुंडक्याकडे बघू नका. मागच्या भिंतीकडे बघा.